यादीतलं बाबांचं नाव

१२ जानेवारी

प्रिय बारक्या,

तू फोन उचलत नाहीस हे मला नऊ वेळा कळलं. दहाव्यांदा कळून घेण्यापेक्षा पत्र लिहावं म्हटलं. फाडशील फार तर, पण वाचल्याशिवाय फाडणार नाहीस. लहानपणी तू सामानाच्या पुडीचा कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचून मग टाकायचास.

आत्याने तुला सांगितलं ते खरं आहे. दोन नोव्हेंबरला, म्हणजे आम्ही कॅथलिक लोक मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करतो त्या दिवशी, आमच्या चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्साच्या उपासनेत बाबांचं नाव वाचलं गेलं. ते मीच दिलं होतं. आत्या त्या वेळी दारावरून भाजी घेऊन चालली होती म्हणे. आत्याचे कान तुला माहीत आहेत. शेजारच्या गल्लीत कुणी कूस बदलली तरी तिला कळतं.

तू तिला म्हणालास, "ताईने बाबांना मेल्यावर बाटवलं."

हे वाक्य मी दोन महिने घेऊन फिरतेय. बाबांच्या कारखान्यात कवळीचं मेण तापवताना आठवतं, भाजी चिरताना आठवतं. बाबा तुमच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये चाळीस वर्षं पंच होते, तू त्यांच्याच मांडीवर शास्त्र शिकून पाळक झालास, आणि मी एका कॅथलिक मेकॅनिकशी लग्न करून पलीकडे गेले. हे सगळं मला ठाऊक नाही असं तुला वाटतं का? माझ्या लग्नाला बाबा आले नाहीत. त्या दिवशी त्यांनी कारखान्याचं दार आतून लावून कवळ्यांचे तीन जोड पुरे केले. चार वर्षं बोलले नाहीत. मग ह्यांचा पुढचा दात डेपोत जॅक निसटून पडला, तेव्हा सासऱ्याचा जावयाशी पहिला शब्द झाला तो "आ करा."

मी कुणालाही बाटवलेलं नाही. पण तुला राग आलाय हे खरं, आणि तुझा राग मला परवडत नाही. आपल्या घरात आता तू आणि मीच उरलोय.

हे तुला नमस्कार सांगतात. ते मध्ये पडणार नाहीत म्हणाले, आणि लगेच म्हणाले, "त्याला लिही, मी आठवण काढतो."

तुझी ताई


९ मार्च

प्रिय बारक्या,

कार्ड मिळालं. चार ओळी का होईना, अक्षर तुझं आहे. तू लिहितोस, "बाबा ज्या क्षणी गेले त्या क्षणी प्रभूजवळ पोचले. त्यांच्यासाठी विनवणी करणं म्हणजे ते पोचले नाहीत असं म्हणणं." आणि खाली सही, पदासकट. बहिणीला लिहिताना पद कशाला रे? मी काय दाखला मागितलाय?

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी फुलं ठेवून आले. आत्या आधीच येऊन गेली होती, तिची फुलं मधोमध होती. मी माझी कडेला ठेवली.

बाबा पोचले याबद्दल मला शंका नाही. मी तुझ्याइतकी शिकलेली नाही, मेल्यावर आत्मा शुद्ध होतो ते शुद्धिस्थान कसं आणि कुठे हे मला विचारू नकोस, मी फादरांकडे बोट दाखवीन. माझं म्हणणं साधं आहे. सहा वर्षं मी त्या माणसाचं सगळं केलं. आठ वाजता गोळी, दोन वाजता गोळी, पुन्हा आठला गोळी. नखं कापायची, पाठीला पावडर लावायची, कवळी घासून पाण्यात ठेवायची. ती त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली. वरचा एक दात मुद्दाम जरासा वाकडा बसवला होता. "सगळे सरळ असले की खोटे दिसतात," म्हणायचे. आणि एका दिवशी हे सगळं बंद. दुपारी दोन वाजले की मी अजून खुर्चीतून उठते. उठते, आणि मग उभी राहते नुसती.

त्यांच्यासाठी काहीतरी करायचं एवढं एकच काम माझ्या हातात उरलं होतं. ते मी केलं.

आणि आता हस. नाव वाचलं ते आमच्या थोरल्या फादरांनी. त्यांच्या तोंडातली कवळी बाबांची. तुला आठवत असेल, बाबा त्यांच्या तोंडात मापाचा लगदा भरायचे आणि तो घट्ट होईपर्यंत माणूस केवळ विश्वासाने कसा तारला जातो यावर व्याख्यान द्यायचे. फादरांना "ऊं" करण्यापलीकडे काही बोलता यायचं नाही. बाबा म्हणायचे, "बघा, हरकत नाही ना?" तर त्या संध्याकाळी बाबांनी बसवलेल्या दातांतूनच बाबांचं नाव बाहेर पडलं. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि ह्यांनी मला रुमाल दिला तो ग्रीसचा होता.

तुझी ताई


१४ जून

बारक्या,

तुझं पत्र आलं. "सहा वर्षं सेवा केलीस म्हणून बाबांच्या विश्वासावर तुझी मालकी झाली असं समजू नकोस." हे तू लिहिलंस. मी तीनदा वाचलं, शाई तुझीच आहे का बघितलं.

मग ऐक. मालकी नाही झाली. पण सहा वर्षांत तू दोनदा आलास. दोन्ही वेळा प्रवचनाच्या दौऱ्यात, जाता जाता. तुझं चर्च मोठं आहे, माणसं तुझ्यावर अवलंबून आहेत, सगळं मान्य. पण बाबा शेवटचं पाणी माझ्या हातून प्यायले आणि तू दोन तासांनी पोचलास. आल्या आल्या तू काय केलंस? शास्त्र उघडलंस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. दफनाची प्रार्थना तू इतकी सुंदर केलीस की सगळे रडले, आणि मी तिथे उभी राहून म्हणत होते, हा माझा भाऊ आहे की कुणी पाहुणे बोलावलेत?

ज्याने बाबांच्या पायाला कधी तेल लावलं नाही त्याने मला त्यांचा मान शिकवू नये.

ताई


१५ जून

बारक्या,

कालचं पत्र मी सकाळी पेटीत टाकलं आणि दुपारी पेटीपाशी जाऊन उभी राहिले. पोस्टमन आला. मी त्याला म्हणाले, एक पत्र परत हवंय. तो म्हणाला, "बाई, पेटीत पडलं ते सरकारचं." बरोबर आहे त्याचं.

म्हणजे ते तुला मिळणार. तेलाचं वाक्य वाचू नकोस. वाचलं असशील तर मनातून काढून टाक. तू पाठवलेली ती गरम शाल बाबा उन्हाळ्यातही पांघरायचे, आणि शेजारच्या शिंप्याला हटकून सांगायचे, "मुलाने पाठवली, पाळक आहे." हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मला हेवा वाटायचा. मी रोज समोर होते, माझं काय सांगणार?

रागावलेली असले तरी तुझीच,
ताई


२ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

सहा पानी पत्र. त्यात शास्त्रातली वचनं मी मोजली नाहीत, पण ह्यांनी मोजली. सतरा. अठराव्या ठिकाणी तू वचन सोडून लिहिलंस, "मला त्या दिवशी गाडी चुकली होती, ताई. आदल्या रात्रीची सभा मी मोडली नाही म्हणून चुकली." तेवढं वाचून मी पत्र मिटून ठेवलं आणि कारखान्यात जाऊन बसले. प्लास्टर भिजवलं होतं ते वाटीतच घट्ट झालं.

तुला मी कधीच दोष दिला नाही असं म्हणणार होते, पण जूनचं पत्र तुझ्याकडे आहे.

शेवटी तू विचारलंयस, "बाबा स्वतः याबद्दल तुझ्याशी काही बोलले होते का? खरं सांग." आणि नोव्हेंबरच्या आत येऊन माझ्या फादरांशी समोरासमोर बोलणार आहेस म्हणतोस.

आठ दिवस हे पत्र लिहितेय. खरं सांगते.

बोलले होते. जायच्या आधी महिनाभर. मी त्यांना उशीला टेकवून बसवत होते. म्हणाले, "एक सांगतो. मी गेल्यावर तुमच्याकडे माझ्या नावाच्या मेणबत्त्या आणि मिस्सा नकोत. मी गेलो की माझा आणि देवाचा मामला. तू मध्ये लुडबुडू नकोस." मी म्हणाले, "बरं." ते म्हणाले, "बरं नको, हो म्हण." मी हो म्हणाले.

म्हणजे मी शब्द दिला होता आणि ते गेल्यावर आठ महिन्यांत तो मोडला.

अजून एक आहे. नाव द्यायला गेले तेव्हा फादरांनी मला बसवून नीट समजावलं होतं. म्हणाले, "मनातल्या मनात कुणासाठीही प्रार्थना कर, तुला कोण अडवणार? पण चर्चमध्ये सगळ्यांसमोर, दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती माणसासाठी करायची तर घरच्यांची मनापासून इच्छा हवी, आणि घरात कुणाचं मन दुखता कामा नये. मिस्साच्या मुख्य प्रार्थनेत नाव नाही घेता येणार, विनंत्यांच्या वेळी घेऊ. तुझ्या भावाला विचारलंस का?"

मी म्हणाले, "विचारलं. त्याची काही हरकत नाही."

इतक्या सहज म्हणाले की मलाच क्षणभर खरं वाटलं. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, हे मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. फादरांशी खोटं बोलून, बाबांचा शब्द मोडून आणि तुला वगळून मी देवाकडे गेले. आत्याने हे पकडलं नाही. तिने फक्त नाव ऐकलं.

आता तू माझ्यावर रागाव. आता कारण खरं आहे.

ताई


२८ ऑक्टोबर

प्रिय बारक्या,

तुझं उत्तर आलं नाही. येऊ नये अशीच माझी करणी आहे. पण गेल्या आठवड्यात काय केलं ते तुला कळायला हवं.

मी फादरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते बागेत नळाची तोटी बदलत होते. हातातला पाना खाली ठेवून त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "तुझे वडील माझ्याशी वीस वर्षं भांडले, आणि त्यांनी एकदाही माझी पाठ फिरल्यावर काही केलं नाही. जे केलं ते माझ्या उघड्या तोंडासमोर." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग मीच म्हणाले, "यंदा यादीतून नाव काढा."

"मनापासून?"

"मनापासून नाही. पण काढा. त्यांनी सांगितलं होतं आणि भावाला दुखतंय."

त्यांनी खिशातून यादी काढली. यंदाही मी नाव दिलेलं होतं, ऑगस्टमध्येच. तेही तुला आत्ताच सांगतेय. त्यांनी पेन शोधलं, सापडलं नाही, मीच माझं दिलं. बाबांच्या नावावर एक सरळ रेघ. मी म्हणाले, "अजून थोडी गडद करा, चुकून वाचाल." ते म्हणाले, "मी म्हातारा आहे, आंधळा नाही."

परत येताना मला फार हलकं वगैरे वाटलं नाही. पुस्तकात वाटतं तसं. मला पोरकं वाटलं. पण आता तुला यायचं असेल तर भांडायला येऊ नकोस, भांडणाचं कारण मी काढून टाकलंय. नुसता ये. वरच्या खोलीतली गादी उन्हात घातली आहे.

ताई


६ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

तू घरी पोचलास तेव्हा माझं अठ्ठावीस तारखेचं पत्र दाराशी पडलेलं असेल. आधी ते वाच, मग हे. तू निघालास त्याच दिवशी ते इथून निघालं. वाटेत कुठेतरी तुम्ही दोघं एकमेकांना ओलांडून गेलात. वाटेतल्या दोन गावांत प्रवचनं करत येणार हे तू कळवलं असतंस तर... पण जाऊ दे, न कळवण्याबद्दल मी कुणाला काय बोलणार?

समोर असताना जे बोलता आलं नाही ते लिहिते.

दोन तारखेला मिस्सा सुरू झाली तेव्हा तू आला आहेस हे मला माहीत नव्हतं. ह्यांनी मागे वळून पाहिलं आणि माझ्या कोपराला कोपर लावलं. शेवटच्या बाकावर तू. कोट घातलेला, बॅग पायाशी, हाताची घडी. तो चेहरा मी ओळखते. शाळेत गुरुजींची चूक दाखवायला उठायचास तेव्हाचा. मला वाटलं, हा आता सगळ्यांसमोर उभा राहणार आणि म्हणणार, आमच्या वडिलांचं नाव घेऊ नका. आणि नाव तर यादीत नाहीच. मी तुला खुणेने सांगायचा प्रयत्न केला. तू नजर वळवलीस.

मग फादरांनी यादी वाचायला घेतली. तू ती पहिल्यांदाच ऐकत होतास. मी दरवर्षी ऐकते. शिंप्याची आई. औषधवाल्याचे दोन भाऊ. डेपोतल्या फोरमनची तीन दिवसांची मुलगी, तिला नावच नव्हतं, म्हणून फादर दरवर्षी "फोरमनची धाकटी" म्हणतात आणि तो धिप्पाड माणूस दरवर्षी मान खाली घालतो. प्रत्येक नावाला कुठल्या तरी बाकावर कुणीतरी हलतं. यादी संपली. फादरांनी कागद मिटला. आणि ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "आणि ज्यांची नावं या कागदावर नाहीत, पण आपल्यापैकी कुणाच्या मनात आहेत, त्यांच्यासाठी." आणि थांबले.

त्या शांततेत तुझा आवाज आला.

तू बाबांचं नाव घेतलंस. पूर्ण, आजोबांच्या नावासकट आणि आडनावासकट. व्यासपीठावरच्या आवाजात नाही. दार अर्धं उघडून घरात कुणी आहे का असं विचारावं तशा आवाजात. सगळे वळले. फादर वळले नाहीत, ते फक्त म्हणाले, "आपण प्रभूजवळ मागू या." आणि अख्खं चर्च म्हणालं, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." शिंपी म्हणाला, फोरमन म्हणाला. बाबा कुठल्या पंथाचे होते हे कुणाच्या मनातही आलं नाही. मी मात्र म्हणू शकले नाही. ह्यांनी माझ्या वाटचं म्हटलं.

घरी आल्यावर तू कोटही न काढता टेबलाशी बसलास आणि पहिलं वाक्य बोललास ते, "मी प्रार्थना केली नाही हं, ताई. नाव घेतलं फक्त."

मी म्हणाले, "हो."

"तत्त्व बदललेलं नाही."

"नाही ना."

मग चहा निम्मा संपल्यावर म्हणालास, "मी ऐकत बसलो होतो. आता येईल, आता येईल, आलं की उठायचं. सगळ्यांची माणसं आली आणि आपलंच आलं नाही. मला ते बघवेना."

मी रेघ मारायला लावली हे तेव्हा मी तुला सांगितलं, आणि तू इतका हसलास की हे वरून विचारायला आले, काय झालं. वीस महिन्यांत पहिल्यांदाच या घरात तू हसलास. बाबांनी बरीक दोघांनाही झापलं असतं. मला शब्द मोडला म्हणून, आणि तुला दुसऱ्यांच्या चर्चमध्ये मध्येच बोललास म्हणून.

पुढच्या वर्षी मी नाव देणार नाही. त्यांना दिलेला शब्द उशिरा का होईना पाळीन. मनातल्या मनात मात्र त्यांची आठवण काढीन, रोज दोन वाजता, आणि ते तुला सांगून काढीन. चालेल का, ते कळव. फादर म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, वाद घालायचा असेल तर या वेळी मी तोंड मोकळं ठेवून बसेन." तू त्यांना न भेटता गेलास याचं त्यांना वाईट वाटलं.

आता शेवटचं. गाडीची वाट बघत असताना तू विचारलंस, "शेवटी बाबा काही म्हणाले का?" वीस महिन्यांत पहिल्यांदा विचारलंस. तेवढ्यात गाडी आली आणि मी म्हणाले, "नाही रे, झोपेतच गेले." झोपेत गेले हे खरं आहे. काही म्हणाले नाहीत हे खरं नाही. तुला लागेल म्हणून मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. पण यापुढे तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

पहाटेचं उजाडत होतं. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बारक्या, आलास?"

मी त्यांना सांगू शकले असते की बाबा, मी आहे. पण ते इतके खूश दिसत होते की मी म्हणाले, "आलो."

त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "लांबून आलास. जेवलास का?"

मी म्हणाले, "जेवलो, बाबा."

तुझी,
ताई